अब्बांच्या लेखातलं माझं वाक्य

जळगाव, ३ फेब्रुवारी १९८८
अब्बांना ताप. लेख अर्धाच. जे नमाज पढतात, पण रोजच्या वापरातली लहानशी वस्तू मागितली तर देत नाहीत, त्यांच्याबद्दलचा कुराणातला छोटा सूरा, म्हणजे अध्याय. काल जुन्या लोकांनी दिलेले दाखले सांगितले: घागर, सुई, मीठ, कुऱ्हाड. मग म्हणाले, "कुराण आज वाचायचं तर दाखला आजचा हवा. उद्या सांगतो."
मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही. ते उर्दूत बोलतात, मी मराठीत लिहिते, वाचून दाखवते. बाजेच्या लाकडावर बोटाने एकदा टकटक म्हणजे ठेव, दोनदा म्हणजे काढ. लहानपणी बाराखडीही अशीच शिकवली.

४ फेब्रु.
ताप उतरला नाही. धुळ्याच्या साप्ताहिकाचं पाकीट दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायचं होतं. शेवटचं वाक्य मीच लिहिलं. 'घरात टेलिफोन असून त्याच्या डायलला कुलूप घालणाराही याच रांगेतला.' वाचून दाखवलं. अब्बांचे डोळे मिटलेले, बोट हललं नाही. नको तर म्हणाले नाहीत. पाकीट गेलं.
खरं लिहून ठेवते. गल्लीत फोन एकच, सलमा चाचींचा. कुलूपही तिथेच. गेल्या आठवड्यात अब्बांना कणकण आली म्हणून फुफीला, त्यांच्या बहिणीला, कळवायला गेले, तर चाची म्हणाल्या किल्ली नाही. डोळ्यांत न बघता म्हणाल्या. राग होता मला.

१४ फेब्रु.
लेख छापून आला. खाली अब्बांचं नाव. मशिदीबाहेर कुणीतरी मोठ्याने वाचला म्हणे. पिठाच्या गिरणीत दोघी हसत होत्या, 'कुलूपवाल्या हज्जनबाई'. हजला जाऊन आलेल्या चाची डबा घेऊन रांगेतच उभ्या होत्या. मी मान वर केली नाही.

२० फेब्रु.
चाचींकडून सालनाची, रश्श्याची वाटी येणं बंद. अम्मी गेल्यापासून तेवढं एकच दार होतं. आज अब्बांशिवाय कुणाशी एक शब्द नाही. संध्याकाळी उगीच हौदावर जाऊन आले.

२६ फेब्रु.
धरणगावहून एका शेतकरी आबांचं कार्ड. कुलपाचं वाचलं, दोन उन्हाळे भाऊबंदाला मोटरचं पाणी देत नव्हतो, आता देतो. शेवटी, 'बठ्ठं पटनं', सगळं पटलं. अब्बांनी तीनदा वाचून घेतलं. खूश. मग एकदम, "कुलपाचं मी कधी सांगितलं?"
मी म्हटलं, तुम्ही तापात होतात. शब्द खरे. मी खोटी.

५ मार्च
अब्बा नमाजला गेले असताना चाची आल्या. बसल्या नाहीत. चाचांना आता माणसं आठवत नाहीत. मेलेल्या भावाच्या दुकानाचा नंबर तेवढा पाठ. दिवसभर फिरवायचे, पलीकडच्या परक्या माणसाला भाईजान म्हणून रडायचे. म्हणून कुलूप. किल्ली सुनेकडे, ती त्या दिवशी माहेरी गेलेली. हे सांगायची लाज वाटली म्हणून नुसतं नाही म्हणाल्या.
"बेटी, पूछ तो लेती."
जाताना बजावून गेल्या, चाचांचं कुणाला बोलू नकोस, तुझ्या अब्बांनाही नाही.
कुराणाच्या अर्थाखाली मी माझा संशय छापला.

११ मार्च
साप्ताहिकाचं पत्र. लेखांचं पुस्तक करणार आहेत, सर्व वाचकांसाठी, हिंदू मुसलमान दोघांसाठी. दुरुस्त्या १५ पर्यंत. वाक्य काढलं तर अब्बांना कारण काय सांगू? ठेवलं तर चाची जन्मभर त्यात. आणि धरणगावचं ते पाणी, तेही याच वाक्यामुळे.

१३ मार्च
लेख वाचून दाखवला. त्या वाक्यापाशी थांबले. सांगितलं, हे माझं आहे. रागात लिहिलं. चुकीचं आहे. का, ते सांगता येत नाही, दुसऱ्याचं गुपित आहे.
मी त्यांच्या बोटाकडे बघत होते.
"मी नाही टकटक करणार," म्हणाले. "ज्याच्या दारचं आहे, त्याच्यापुढे वाच. ते ठेव म्हणतील तर ठेव, काढ म्हणतील तर काढ."
रागावले असते तर बरं झालं असतं.

१४ मार्च
असरच्या, दुपारनंतरच्या नमाजानंतर कागद घेऊन गेले. कडीला हात लावला आणि आतून चाचांचा आवाज. खिडकीतून दिसले. कुलूप डायलवर तसंच, रिसीव्हर कानाला. "हां भाईजान, यहाँ सब खैरियत है. तुम कब आ रहे हो?" मधे थांबत होते, ऐकत होते, हसत होते. चाची बाजूला मेथी निवडत, मधूनच, "हमारा भी सलाम बोलो."
कडी वाजवली असती तर ते थांबले असते. बराच वेळ उभी राहिले. बोलणं संपलं नाही. परत आले.
अब्बांनी विचारलं, वाचलंस? म्हटलं, ते फोनवर होते.
पाकीट उघडंच आहे. धुळ्याची एस.टी. उद्या दुपारी. सकाळी पुन्हा जाते.