कंबर म्हणजे नेमकं कुठे

प्रिय आई,

फोन केला की बाबा स्पीकर लावतात, म्हणून हे पत्र. सावकाश वाच, एकटी असताना.

इथे बंगळुरूत, यशवंतपूरला मी ठीक आहे. माझ्या शेजारी नागपूरची कल्पना राहते, तिची ईरा आठ महिन्यांची आहे. बाळंतपणापासून कल्पनाला दुखायचं. कूस बदलताना जीव जायचा, रिक्षातून उतरताना दोन्ही पाय एकदम टेकवावे लागायचे. तिला कन्नड येत नाही, म्हणून दवाखान्यात मी सोबत गेले. शिकलेली मुलगी ना मी! कुठे दुखतं, असं डॉक्टरांनी विचारलं. कल्पनानं माझ्या कानात सांगितलं, जांघांच्या मधे, पुढच्या हाडात. चालताना तिथे काहीतरी सरकतं. समोर पुरुष डॉक्टर, दाराशी कंपाउंडर. मी सांगून टाकलं, सोंट. म्हणजे कंबर. किती दुखतं, तर म्हटलं, स्वल्प. थोडंसंच.

कमरेचा पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या. माझ्या एका शब्दापायी ती बिचारी आणखी दोन महिने सोसत राहिली. शेवटी मी तिला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं आणि खरं ते सांगितलं. बाईंनी एका पायावर उभं राहायला लावलं, तिला जमेना. गरोदरपणात ओटीपोटाखालच्या हाडांचे सांधे सैल होतात, काहीजणींना त्याचा त्रास नंतरही राहतो, असं त्या म्हणाल्या. आता व्यायाम चालू आहेत. परवा कल्पना म्हणाली, तुमच्या बीएस्सीत कंबर कुठवर शिकवतात गं? ती हसत होती, पण मला लागलं.

कारण कंबर हा शब्द मी तुझ्याकडून शिकले. तू पलंगावर बसून परकर घालतेस. जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतेस. आत्या तुला महाराणी म्हणते, तू हसून सोडून देतेस. विचारलं तर म्हणतेस, कंबर गं, तुझ्या वेळेपासून. तेवीस वर्षं, आई. मी पुढे कधी विचारलंच नाही.

बाईंशी तुझ्याबद्दल बोलले. पूर्ण बरं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. आधी तपासू म्हणाल्या. एकोणीस तारखेची वेळ घेतली आहे. इथल्या चिकपेट बाजारातल्या साड्यांचं निमित्त काढून तुला बोलवावं, असं आधी वाटलं होतं. पण नको. बाबांना खरं सांग; तुला जमत नसेल तर मी येऊन सांगते. आणि मला उलट टपाली नेमकं कुठे दुखतं ते कळव. लिहवत नसेल तर एका बाईचं चित्र काढ आणि तिथे फुली मार.

तुझीच,
देवश्री