जावईबापूंचं पिस्तूल

बाबा, तुमच्या जावयासाठी मी पिस्तूल घेतलं. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, मग चहाचा कप खाली ठेवून पुन्हा हसला असतात आणि आईला हाक मारून म्हणाला असतात, "ऐकलं का गं, मऊ भातात खडा निघाला." तुमची वाक्यं मला तुमच्याशिवाय तयार करता येतात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमची जीभ काही चितेवर गेली नाही, ती मी घेऊन आले. हे मी कौतुकाने सांगत नाही. लाजूनही सांगत नाही. तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच.

मऊ भात हे नाव तुम्ही त्याला दिवाळसणाला ठेवलंत. नागपूरच्या आपल्या स्वयंपाकघरात पाट मांडले होते, आई चिरोटे तळत होती, आणि माझा नवा नवरा, पुण्याचा, हळू आवाजात बोलणारा, पाठ ताठ ठेवून बसला होता, कारण तुम्ही शाळेत पी.टी.चे सर आहात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तुमची शिट्टी तेव्हाही सदऱ्याच्या खिशात होती. तुम्ही त्याच्या हातावर सोन्याची अंगठी ठेवलीत. त्याच्या बोटाचं माप मीच तुम्हाला दिलं होतं, आणि सोनाराकडे जाऊन तुम्ही मुद्दाम मोठं सांगून आलात. अंगठी बोटात गरागरा फिरली. "काऊन जावईबापू," तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बोटं काय आईकडून आणली का? असू द्या, खा-प्या, वाढा, मग बसंल." सगळे हसले. मी हसले. तोही हसला. मग त्याने आईकडून पांढरा दोरा मागून घेतला, अंगठीला आतून गुंडाळला आणि ती घट्ट बसवून बोटात घातली. ती त्याने अमेरिकेत आणली, ऑफिसात घातली, लेकीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाही ती बोटात होती. दोरा मळला की बदलायचा. छोटी करून घे म्हटलं की म्हणायचा, "राहू दे गं, दिलीय ना तशी." याचा मला संताप यायचा. अजून येतो. माणसाने निदान चिडावं तरी.

ती अंगठी गेली, बाबा. आम्ही टेक्ससमधल्या प्लेनोला राहतो, तुम्ही ज्याला शेवटपर्यंत "ते तिकडचं गाव" म्हणत होतात. एका शनिवारी दुपारी आम्ही तिघं देशी किराणा दुकानातून बाहेर पडलो, तांदळाची पोती डिकीत टाकत होतो, तेवढ्यात तोंडाला फडकं बांधलेला एक जण गाड्यांच्या मधून आला. त्याच्या हातात पिस्तूल होतं. त्याला माझं मंगळसूत्र हवं होतं. मी ओरडायला तोंड उघडलं तर तुमचा जावई मराठीत म्हणाला, "काढून दे. आत्ता." मी काढून दिलं. मग त्या माणसाने अंगठीकडे बोट केलं. ती काय, मापाची नव्हतीच, दोऱ्यासकट एका झटक्यात निघाली. ती त्याच्या तळव्यावर ठेवून माझा नवरा त्याला म्हणाला, "थँक यू, सर."

घरी येईपर्यंत मी थांबले नाही. "थँक यू? पावती पण मागायची होतीस ना! घरी जेवायला बोलवायचं होतंस." तो गाडी चालवत होता, रस्ता मोकळा असतानाही लेन बदलताना सिग्नल देत होता. "त्याचा हात थरथरत होता गं," तो म्हणाला. "बोट ट्रिगरवर होतं. मला फक्त तो लवकर जायला हवा होता." मी म्हटलं, "बाबा तुझ्याबद्दल बरोबर बोलायचे." त्याने पुढच्या वळणाचा सिग्नल दिला. लेक मागच्या सीटवर होती. दुकानाबाहेर बाप आपल्याला हाताने मागे रेटून पिस्तुलासमोर उभा राहिला होता, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तरी मी काही वेगळं बोलले नसते.

पिस्तुलाचं मीच ठरवलं. सिटिझनशिप झालेली होती, टेक्ससमध्ये त्यासाठी फार खटपट लागत नाही. हायवेलगतच्या दुकानात काचेच्या कपाटांमागे पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा होता, चष्मा छातीवर लोंबणारा, आवाज मऊ. कुणासाठी, असं त्याने विचारलं. मी नवऱ्याकडे बोट केलं. नवरा तेव्हा मासे पकडायच्या गळांकडे बघत उभा होता. म्हाताऱ्याने त्याला जवळ बोलावून आधी अगदी छोटं पिस्तूल हातात दिलं, तर करंगळी खाली लोंबकळत राहिली. छोटं लपतं छान, पण वजनाला हलकं म्हणून उडवताना हाताला हिसका जास्त देतं, असं म्हाताऱ्याने समजावलं. मोठं दिलं, तर ते शर्टातून उठून दिसायला लागलं. मग त्याने नवऱ्याच्या पँटच्या आत कमरेशी चामड्याचं म्यान अडकवलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं, गाडीत बसतो तसं. मुठीचं टोक पोटात रुतलं. वाकून बुटाची नाडी बांधायला लावली. वरच्या फळीवरून काही काढायचंय असे हात वर करायला लावले. शर्ट वर गेला, सुटलेलं पोट दिसलं, आणि मी त्या म्हाताऱ्याला इंग्रजीत म्हटलं, हा जरा मऊ माणूस आहे, मऊ माणसांसाठी काही असेल तर बघा. म्हातारा हसला नाही. माझा नवरा थोडंसं हसला.

"मॅम," म्हातारा म्हणाला, "कम्फर्टेबल असणं ही चैन नाही. जे टोचतं ते माणूस चार दिवसांत ड्रॉवरमध्ये टाकतो." मग नवऱ्याकडे वळून प्रत्येक पिस्तुलागणिक विचारत राहिला, कसं वाटतंय? प्रत्येकाला उत्तर एकच, "फाइन." शेवटी मधल्या मापाचं एक मीच निवडलं. करंगळी बसत होती, पोटाला लागत नव्हतं, शर्टातून दिसत नव्हतं. तुम्ही सैल अंगठी देऊन त्याची जिरवलीत, मी बघा कसं बरोबर मापाचं घेतलं, असा मला गर्वच वाटला. "आणि तुमच्यासाठी?" म्हाताऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, "मला कशाला? मला आता नवरा आहे." हे मात्र मी मराठीत म्हटलं, नवऱ्याकडे बघून.

तो शिकला. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन आला, कागदाला बऱ्यापैकी भोकं पाडून आला. वीकेंडला बाहेर पडताना न विसरता कमरेला लावायचा, आणि मी मागून-पुढून बघून दिसत नाही ना याची खात्री करायची. एका पॉटलकला, ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, चार बायकांत मी तुमचंच वाक्य, म्हणजे मला सुचलेलं तुमचं वाक्य, सांगितलं, आमच्या मऊ भातात आता खडा आहे. खूप हशा झाला. तो पलीकडे मुलांना पिझ्झा वाढत होता. त्याला ऐकू गेलं, कारण मी ते ऐकू जाईल असंच म्हटलं होतं.

मग गेल्या महिन्यातला एक रविवार. मी पोहे भिजवले होते आणि कोथिंबीर संपली होती. तो आणायला निघाला आणि सवयीने शर्टाखाली हात घालून पिस्तूल नीट करू लागला. लेक स्टुलावर फोन घेऊन बसली होती. तिने मान वर केली. "डॅड, इज दॅट थिंग इव्हन लोडेड?" आणि ती हसली. नाकातून, मान मागे टाकून, ऐकणाऱ्याला आपण उघडे पडलो असं वाटावं तसं. बाबा, हे तुमचं हसू आहे. तिने तुम्हाला पाहिलं ते ती स्वतः पाळण्यात असताना, तेवढंच. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तो थांबला. त्याने पिस्तूल काढलं, नळी जमिनीकडे ठेवून मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन बाहेर ओढलं आणि विळीशेजारी ओट्यावर ठेवलं. रिकामं. मग नळीवरची स्लाइड मागे ओढून आत दाखवलं. तिथेही काही नव्हतं.

"गोळ्या कुठेयत?" मी विचारलं.

"वरच्या सेफमध्ये. पहिल्यापासून."

माझं डोकंच फिरलं. मी त्याला विचारलं, म्हणजे इतके दिवस तू खेळणं लावून मिरवत होतास? पुन्हा कुणी आला तर त्याला काय देणार आहेस, हेही थँक यू म्हणून देणार? मग मी त्याला मऊ भात म्हटलं, तोंडावर, लेकीसमोर, तुमच्याच चालीत. "मॉम, स्टॉप," लेक म्हणाली. तिचं हसू गेलं होतं.

त्याने मॅगझिन पुन्हा आत सारलं. आवाज चढवला नाही. एरवी तिच्यासमोर तो इंग्रजी बोलतो, पण हे मराठीत बोलला, सावकाश. "तुझे बाबा बोलायचे ते तू रोज बोलतेस. ते ऐकताना हे माझ्या कमरेला असतं. म्हणून भरत नाही."

मग त्याने गाडीची किल्ली घेतली आणि कोथिंबीर आणायला गेला.

लेकीचं मराठी खाण्यापिण्यापुरतंच आहे. "व्हॉट डिड ही से?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ही सेज इट्स मोअर कम्फर्टेबल दिस वे." तिला ते पटलं. ती परत फोनमध्ये गेली. तो आला, कोथिंबीर निवडून धुतली, चहा ठेवू का म्हणून विचारलं, आणि आम्ही पोहे खाल्ले.

त्यानंतर मी तो शब्द वापरलेला नाही. सुधारले असं समजू नका, शब्द रोज ओठापर्यंत येतो. पण बोलण्याआधी आता माझी नजर त्याच्या कमरेकडे जाते. आई तुमच्या खिशाकडे बघायची तशी, शिट्टी आत आहे की हातात आहे ते. तुमच्या तेराव्याला आईने जिलबी मागून घेऊन खाल्ली आणि म्हणाली, "किती शांत वाटतंय गं घरात." तेव्हा मी तिच्यावर रागावले होते. माझ्या तेराव्याला तो कोथिंबीर निवडत असेल आणि त्यालाही तसंच वाटेल, हे मला आता अगदी स्वच्छ दिसतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, त्यामुळे एक सांगून टाकते. भरलेलं असतं तर ते कुणावर चाललं असतं, माझ्यावर की त्याच्या स्वतःवर, हे तो बोलला नाही. मी विचारलेलं नाही, कारण मला उत्तराची भीती वाटते. तो माझ्याबद्दलच बोलत होता, अशी मी आशा धरून आहे.