मास्तरांच्या युक्त्या

सोमवार, १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे ठीक. जिन्यातला दिवा एकदाचा बदलून घेतला. माझी कामाची पाळी आता दुपारची झाली, त्यामुळे सकाळची धावपळ गेली. तुझ्या बढतीचं कळलं. अभिनंदन.

तुमच्या कंपनीच्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चांगली आहे म्हणे. बाबा सांगत होते. छापखान्यात हयात घालवलेला माणूस निवृत्तीनंतर तुझ्याच जुन्या लॅपटॉपवर हे शिकला आणि वापरकर्त्यांच्या गटावर दर सोमवारी बातमीपत्र टाकायला लागला. कोणी नवी साइट केली, कोणाचं काय अडलं, आणि शेवटी एक युक्ती. नवशिका आला की त्याच्यासाठी जुनी युक्ती पुन्हा टाकायची, ही त्यांची पद्धत. लोक त्यांना मास्तर म्हणायचे.

हल्ली टाकत नाहीत. गटावरचं त्यांचं खातं कंपनीने बंद केलंय. ‘अधिकृत मदत-पानांवरचा मजकूर वारंवार स्वतःचा म्हणून दिल्यामुळे.’ हे कळवलं तेही यंत्रानेच.

काहीतरी गफलत असेल म्हणून मी ती मदत-पानं उघडली. तिसऱ्याच ओळीवर थांबले. ‘मोबाईलवर पान विस्कटलं तर आधी चित्राची रुंदी बघा, सॉफ्टवेअरला शिव्या नंतर घाला.’ असं कोण लिहितं, हे तुला मी सांगायला नको. पुढची सगळी पानं तशीच, त्यांच्या विनोदांसकट. त्यांचं नाव कुठेच नाही. तळाशी ‘लेखन व संकलन’ आणि पुढे तुझं नाव.

बढती याचीच ना रे?

मागितलं असतंस तर त्यांनी हसत दिलं असतं. वर प्रूफही तपासून दिलं असतं. तू विचारलंही नाहीस, आणि चोर ठरले ते.

परवा मी कंपनीला तक्रार लिहायला बसले. तुझं नाव बाबांना कळू नये म्हणून दार लोटून घेतलं होतं. ते आत आले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “तळाचं नाव मी महिन्यापूर्वीच वाचलंय. तक्रार केलीस तर त्याच्या नोकरीवर येईल. राहू दे.”

“आणि तुमचं काय?” मी विचारलं.

“माझं काय, मी रिकामा माणूस.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्यावर, आणि खरं सांगू, त्यांच्यावरही. तक्रार पुसून टाकली. त्यांच्यासाठी पुसली, तुझ्यासाठी नाही.

आजही सोमवार म्हणून बाबा लवकर उठले, दाढी केली, लॅपटॉपसमोर बसले आणि काही न उघडता उठले. तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर म्हणाले, “मी मजेत आहे असं लिही. आणि त्या पानांत एका ठिकाणी त्याने माझी युक्ती अर्धीच घेतली आहे, लोकांचं काम अडेल. तेवढं नीट कर म्हणावं.”

निरोप पोचवला.

बाबांची मुलगी