तहान आणि गुडघे

मॅडम, तुमच्या खोलीत खिडकीजवळ एक स्टूल असायचं, पेशंटच्या नातेवाइकांसाठी. पॅथॉलॉजी विभागात नातेवाइकांना कोण बसवून घेतं, म्हणून बाकीचे हसायचे. मी तेव्हा नवी होते, कॉन्व्हेंटमधून आलेली, मराठीत प्रश्न विचारताना अडखळणारी. मेंदूच्या एका तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून मी अंदाजाने ‘क्षयरोग’ लिहून आणलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर ती ओळ खोडलीत. “काच बोलली तेवढंच लिहायचं, बाईसाहेब. बाकीचं त्या स्टुलावरच्या माणसाला विचारायचं. तोंड दिलंय ना देवानं?” मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर तुम्ही पर्स घेऊन उभ्या. “चल, जेवायला घरी.” शनिवार पेठेतलं तुमचं ते अरुंद स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही उभ्यानेच तांब्याभर पाणी पिता, मग आणखी एक तांब्या. तुमची धाकटी बहीण आमटी वाढता वाढता म्हणते, “हिच्यासाठी वेगळा नळ घ्यायला हवा.” आणि आपण तिघी हसतो.

गेल्या महिन्यात येरवड्याच्या एका शिंप्याच्या मेंदूचा तुकडा माझ्याकडे आला. त्याचा चालताना तोल जातो, जीभ जड झाली आहे. शेजाऱ्यांना वाटलं, पितो. डॉक्टरांनी मेंदूचा टीबी म्हणून गोळ्या दिल्या, पण तो खालावतच गेला. काचेवर फेसाळ पेशी होत्या, कचरा गिळून फुगल्यासारख्या. मेंदूला कुठलीही इजा झाली की साफसफाईला अशा पेशी येतातच, त्यामुळे तसं लिहून मला मोकळं होता आलं असतं. पण इजा कुठे दिसेना, आणि पेशी फार होत्या. मी त्याच्या बायकोला बोलावलं, स्टुलावर बसवलं.

“पाणी किती पितात?”

“अहो, कळशी उशाशी घेऊन झोपतात. झोपतात कसले, सारखं उठणंच.”

“आणि पाय?”

“गुडघे दुखतात, पण ते मशीन चालवून. मॅडम, दुखणं डोक्याचं आणि तुम्ही पायाचं काय घेऊन बसलात?”

पायांचा स्कॅन करून घेतला. दोन्ही गुडघ्यांच्या वरखाली हाडं सारखीच उजळलेली. मग त्याच तुकड्यावर जनुकाची तपासणी झाली आणि शंका उरली नाही. फार क्वचित दिसणारा आजार आहे. त्या पेशी हाडांत शिरतात, मेंदूत शिरतात, तहान सांभाळणाऱ्या ग्रंथीतही. आता त्यावर गोळी आहे. आजार बहुधा थांबेल. गेलेली वाचा परत येईल असं मात्र कुणी सांगू शकत नाही.

तो स्कॅन मी पुन्हा उजेडासमोर धरला. मला जिना चढणाऱ्या तुम्ही दिसत होतात, प्रत्येक पायरीला गुडघ्यावर हात. वर्गात तुमचे शब्द घरंगळायला लागले तेव्हाची मागच्या बाकांवरची कुजबुज ऐकू येत होती. तुम्हालाही टीबीच्याच गोळ्या दिल्या होत्या. बोलणं पूर्ण गेल्यावर तुम्ही पाटीवर मला लिहून दाखवलंत, ‘हा टीबी नाही. काय आहे ते मला कळत नाही.’ त्या वाकड्या अक्षरांपुढे मी नुसती मान हलवत बसले होते. तुमच्या मेंदूतल्या त्या जागेचा तुकडा काढायला कुणी धजावलं नाही आणि तुम्ही तशाच गेलात, त्यामुळे तुमची काच कुठेच नाही. तुमच्याच नियमाने तुमच्याबद्दल मला एक अक्षर लिहिता येत नाही, आणि तरी हे सगळं मी लिहीत बसले आहे. पाठवायला पत्ता नाही हे बरंच आहे.

निघताना शिंप्याची बायको दारात थांबली. “असा पेशंट आधी बघितलाय तुम्ही?”

“एक. माझ्या मॅडम.”

“बोलायला लागल्या का त्या परत?”

तिने पिशवी छातीशी धरली होती.

“हो,” मी म्हटलं. “अजून रागावतात मला.”

काच नसताना बोलले, मॅडम.