विभाग सात, पावणेपाच ते पावणेसहा

६ ऑक्टोबर, सोमवार

वर्तमानपत्रात पुन्हा तीच बातमी. येत्या वर्षभरात प्रोग्रामरची गरज उरणार नाही. मी या व्यवसायात आल्यापासून ते वर्ष येऊ घातले आहे. भाकीत करणाऱ्या गृहस्थांची कंपनी कोड लिहिणारे यंत्रच विकते, हे शेवटच्या परिच्छेदात, बारीक अक्षरात.

क्रांती चौकातल्या कार्यालयात ओंकारने नवी आवृत्ती दाखवली. गंगापूरकडच्या साखर कारखान्याची वाहन-बोलावणी. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या चालकाला मोबाइलवर 'निघा' असा संदेश पाठवणारी ही प्रणाली सु. आणि मी, नवरा-बायकोंनी मिळून लिहिली, त्याला तेरा वर्षे झाली. यंत्राने ती नऊ दिवसांत नव्या भाषेत उतरवली. ओंकार वयाने माझ्या निम्मा आणि पदाने माझा वरिष्ठ. मुलगा सभ्य आहे.

"सर, मशीनने जे काढून टाकलं त्याची ही यादी. एकशे चौदा मुद्दे. बघून सही केली की झालं. एक तारखेला गाळप सुरू होतंय."

यादीतला निम्मा कोड सु.च्या हातचा. पहिले पान उघडले, मिटले.

चार वाजता सही केली. 'वाचले, मान्य.'

वाचले नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस जेवण बेचव. न वाचता सही केली म्हणून मी एकेकाळी दोन जणांना लेखी समज दिली होती. त्यांपैकी एक जण आता परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे, हा भाग वेगळा.

आज पडेगावच्या घरी, दार लावून, यादी वाचायला घेतली. तिचा कोड, ती गेल्यापासून अकरा महिन्यांत प्रथमच. तिच्या टिपा जशाच्या तशा. 'हे सोमवारी नीट करणे, आज डोके दुखते.' 'अहोंना ही पद्धत आवडणार नाही, पण चालते.' खरोखर आवडली नव्हती. चालत होती.

मुद्दा ६३. विभाग सातमधील वाहनांना सायंकाळी ४:४५ ते ५:४५ या वेळेत संदेश पाठवू नये. खाली तिची टीप: 'इथे हात लावू नये. सु.'

एवढेच. कारण नाही. जी बाई कोडमधल्या एखाद्या चलाचे (व्हेरिएबलचे) नाव बदलले तरी दोन ओळींचा खुलासा लिहीत असे, तिने इथे कारण लिहिलेले नाही.

यंत्राचा शेरा: 'हेतू अस्पष्ट. वाहने तासभर विनाकारण थांबतात. काढणे सुरक्षित.'

आणि त्याखाली माझी मान्यता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ओंकारला सांगितले की मुद्दा ६३ परत घ्यावा लागेल.

"का पण, सर?"

"कारण मला ठाऊक नाही."

तो हसला नाही, हे त्याचे सौजन्य. "सर, तुम्हीच मला शिकवलंय. ज्या नियमाचं कारण सांगता येत नाही, तो नियम नाही, ती सवय आहे."

शिकवले होते. फळ्यावर लिहून.

कारखान्यात फोन केला. शेतकी विभागातले जुने साहेब निवृत्त झाले. नव्यांचे उत्तर: "असं काही आहे हेच आम्हाला म्हाईत नाय. तासभर गाड्या उभ्या राहत असतील तर बरंच झालं की, काढा!"

सु.ला मी एकदा विचारायला हवे होते. आठ वर्षांपूर्वी तिने त्या ओळी चढवल्या, तेव्हा मी समोरच्याच टेबलाशी बसलो होतो. तेव्हा विचारले ते इतकेच की, या बदलाला परवानगी घेतली आहेस का. ती म्हणाली, "घेतली हो." कोणाची ते विचारले नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तिचा मोबाइल मी चालू ठेवला आहे. बँकेचे संदेश त्यावर येतात, हे मी सर्वांना सांगतो. बँकेतला क्रमांक मार्चमध्येच बदलला आहे.

त्यात नावे पाहत गेलो. कारखान्याच्या पावतीवर मदतीसाठी तिचाच नंबर छापलेला असे, त्यामुळे यादी मोठी. 'गोरख ट्रॅक्टर (रागीट).' 'काट्यावरचे पाटील.' आणि एक: 'कौसाबाई पावणेपाच.'

त्याच मोबाइलवरून फोन लावला. तिसऱ्या घंटेला उचलला.

"ताई! लई दिवसांनी याद आली वो! कुठं होतात?"

फोन ठेवला. पुन्हा लावण्याचे धैर्य झाले नाही. तिकडून दोनदा आला, तोही घेतला नाही.

हे असभ्य वर्तन आहे. उद्या स्वतः जाणे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गंगापूरपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये दोन तरुण मोबाइलवर कोणत्याशा कंपनीने हजारो माणसे काढल्याची बातमी पाहत होते. कंपनीने त्यास 'अधिक चपळ होणे' म्हटले आहे. शेजारी एक आजोबा कोंबडी धरून बसले होते. म्हणाले, "कापायच्या आधी आमीबी असंच गोड बोलतो." या क्षेत्रावरचे इतके नेमके भाष्य मी अलीकडे वाचलेले नाही.

वस्ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंस. एका अंगाला घरे व मेंढरांची वाडगी, दुसऱ्या अंगाला नाला आणि चराई. मध्ये कारखान्याचा अरुंद रस्ता, तोही वळणावर. कौसाबाई पन्नाशीच्या, धनगर. मेंढरांना पाला टाकत होत्या.

"तुम्ही ताईंचे मालक का?"

"होय."

"काल तुम्हीच फोन लावला न् बोलला नाय?"

"होय. क्षमा असावी."

"ताई कुठंयत?"

सांगितले. हातातला पाला तसाच राहिला. म्हणाल्या, "आमाला कुणी सांगायचं नाय व्हय? आमी काय परके होतो का?"

कळवायच्या यादीत मी नातेवाईक लिहिले होते आणि ग्राहक.

मग त्यांनी सांगितले ते असे. वस्तीच्या पलीकडे शाळा होती, पाचला सुटे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वर मोठ्याने गाणी, चालकाला मागचे-पुढचे काही ऐकू येत नाही. त्यांच्या पुतणीला ट्रॉलीचा धक्का लागला, हात मोडला. त्यांनी पावतीवरच्या नंबरला फोन करून शिव्या घातल्या.

"लई घातल्या. ताईनं सगळ्या ऐकल्या. मग इचारलं, शाळा किती वाजता सुटती? येवढंच. दुसऱ्या दिवशीपासून त्या टायमाला गाड्या बंद. मी म्हणलं, साहेबाला सांगितलं व्हय? तर ताई म्हणल्या, साहेबाला सांगितलं तर मीटिंग व्हईल, न् मीटिंग संपंस्तोवर पोरं म्हातारी व्हतील."

शाळा पाहायची म्हटले.

"ती कवाच बंद पडली. चार वर्सं झाली. पोरं आता जीपनं गंगापूरला जातात."

म्हणजे नियमाचे कारणच संपले आहे. यंत्र बरोबर, मी बरोबर, सही बरोबर. मला हायसे वाटले. हे लिहून ठेवतो, कारण ते खरे आहे.

तेवढ्यात पावणेपाच झाले आणि वस्ती हलली. नाल्याकडून मेंढरे रस्त्यावर चढली, तीनशेच्या आसपास असावीत. मागे सरपणाचे भारे घेतलेल्या बाया, काठी टेकत एक आंधळी म्हातारी, एकटी. कोणीही डावीकडे पाहिले नाही, उजवीकडे पाहिले नाही.

"गाळप बंद असतानासुद्धा हीच वेळ?"

"आता सवयच पडली. येरवी रस्ता वलांडायचा म्हंजी जीव मुठीत. या तासाला गाडी येत नाय. लोकं म्हणतात, डायवर चहाला थांबतात. मी सांगत नाय कुणाला. ताईनं नको म्हणलं होतं."

वळणाआधी खरोखरच एक चहाची टपरी आहे, सध्या बंद. गाळपाच्या दिवसांत विभाग सातचे चालक 'निघा'ची वाट पाहत तासभर तिथे बसतात. तीन ओळींच्या कोडवर एक टपरी उभी राहिली आहे.

सु.ने कारण का लिहिले नाही, ते परतीच्या एसटीत उमगले. 'शाळा सुटते म्हणून' असे तिने लिहिले असते, तर शाळा बंद झाल्याच्या पहिल्याच हंगामात मी ते तपासले असते आणि नियम रीतसर पुसला असता. ती मला ओळखून होती.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. बहिणीने फराळ पाठवला. दुपारी सु.च्या टेबलावरची धूळ पुसली. ओवाळून झाल्यावर ती दरवर्षी विचारी, "यंदा काय घालणार?" आणि दरवर्षी मी म्हणे, "तुला हवे ते सांग." तिने काही मागितल्याचे स्मरत नाही.

मुद्दा ६३. दहा दिवस उरले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बैठक. मी दोन पानांचे निवेदन दिले. कारखान्याचे नवे शेतकी साहेब पडद्यावर.

"विभाग सातचा ऊस तासभर उन्हात वाळला तर वजन कोण भरून देणार? मेंढरं काय, कधीबी वलांडतील. त्येंना काय घड्याळ कळतंय?"

"त्यांना तेच कळते," मी म्हणालो. आवाज चढला. तीस वर्षांत बैठकीत प्रथमच.

नंतर ओंकार बाहेर आला. "सर, मॅडमबद्दल मला पूर्ण रिस्पेक्ट आहे. पण हे इमोशनल होतंय. आणि फॉर्ममध्ये रकाना आहे, नियमाचा ओनर कोण? कारखाना नाही म्हणतोय. मॅडम तर..." मग म्हणाला, "एक करू. मुद्दा सेटिंग म्हणून ठेवा. साहेबांना वाटलं तर चालू करतील, वाटलं तर बंद. पुढं त्यांची जबाबदारी."

मान्य केले. मालकाच्या रकान्यात माझे नाव लिहिले.

सेटिंग मुळात चालू असावे की बंद, हे त्याने सांगितले नाही. मी विचारले नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळी कुठल्याशा बलाढ्य सेवेचे संगणक बसले आणि निम्म्या शहराचे ॲप अडले. खुलासा आला की 'एका किरकोळ बदलाचा काही ग्राहकांवर परिणाम जाणवला असू शकतो.' किरकोळ बदल. मी तो शब्द बराच वेळ पाहत राहिलो.

तीस वर्षांत मी एकही ओळ परवानगीवाचून चढवलेली नाही. आजही चढवली नाही. सेटिंग 'चालू' ठेवले आणि बदलांच्या यादीत तसे स्पष्ट लिहिले, मुद्दा ८७: 'विभाग सात, सायंकाळची विश्रांती. मूळ स्थिती: चालू. कारण: वस्तीतील माणसे व जनावरे या वेळेत न पाहता रस्ता ओलांडतात.' टाइप करताना दोनदा थांबलो. कारण लिहिले आहे. उद्या कोणीही ते तपासू शकेल.

यादी बावीस पानी. ओंकारला आणि शेतकी साहेबांना पाठवली. चार मिनिटांत ओंकारचे उत्तर. 'वाचले, मान्य.' साहेबांनी अंगठा पाठवला.

त्यांना फोन करून मुद्दा ८७ कडे लक्ष वेधावे का? फोन हातात घेतला होता.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन करून लक्ष वेधले. पोटात ठेवणे जमेना. साहेब म्हणाले, "बघतो." काय बघतो, ते सांगितले नाही. सेटिंगचे बटण आता त्यांच्या पडद्यावर आहे. माझ्या पडद्यावर दिसत नाही, तशी व्यवस्था मीच केली होती.

कौसाबाईंना फोन केला, यावेळी माझ्या मोबाइलवरून. सांगितले की उद्यापासून गाड्या थांबतीलच याची खात्री नाही, सर्वांना रस्ता पाहून ओलांडायला सांगा.

"आठ वर्सांत कुणी बघितलं नाय वो. एका दिवसात कसं शिकत्याल?" मग म्हणाल्या, "तुमी या ना उद्या. ताई तर कवा आल्याच नाय."

१ नोव्हेंबर, शनिवार

हे वहीत नव्हे, एसटीच्या तिकिटामागे लिहितो आहे. नंतर उतरवून घेईन.

मोळी पडली, गाळप सुरू झाले. दुपारपासून विभाग सातचे ट्रॅक्टर या रस्त्याने जात आहेत, गाणी आधी ऐकू येतात, मग धूळ. साडेचारपर्यंत अकरा मोजले. टपरी उघडली आहे. एकही चालक अजून बसलेला नाही.

लाल रुमाल घेऊन मी वळणावर उभा आहे. कौसाबाईंनी दिला. रुमाल दाखवून ट्रॅक्टर थांबवणे ही पद्धत सु.ला हास्यास्पद वाटली असती. पण चालते का, हे तिने आधी पाहिले असते.

चार चाळीस. मेंढरे नाल्यातून वर यायला लागली. म्हातारी काठी घेऊन निघाली आहे. कौसाबाई पलीकडून ओरडल्या, "थांबतील ना वो?"

"बघून या," मी ओरडलो.

चार चव्वेचाळीस. उसाच्या बाजूने गाणे ऐकू येते आहे. टपरीच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते वळणामुळे दिसत नाही. तिकीट खिशात ठेवतो, रुमाल वर धरतो.