हडळीमागे मांजरं

६ नोव्हेंबर
धाकटी डहाणूला जाऊन आलो. मावशी दोरीवर बोंबील टाकत होती. ‘वाडीत पुन्हा कोण?’ची, म्हणजे आपल्या भुताच्या सिनेमाच्या भाग २ ची, गोष्ट तिला उभ्याउभ्याच ऐकवली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मना नाय हडळ करायची.”

कारण ओवी. मावशीच्या मुलीची, सुप्रीची पोर, मावशीची एकुलती एक नात, चार वर्षांची. भाग १, ज्यात मावशी हडळ झाली होती, तो तिने तलासरीला बापाच्या मोबाईलवर बघितला. दिवाळीत मावशी करंज्या घेऊन गेली तर ओवी कपाटामागे लपली ती लपलीच. मावशी करंज्या ओट्यावर ठेवून तशीच परतली. हे मला आज कळतंय.

“आता असा सिनेमा काढ की ती पोर हसली पाहिजे. मग करते.”
मी म्हटलं, हडळ हसवत नसते गं.
“मग दुसरी हडळ बघ.”

दुसरी कुठून बघू? उभं आयुष्य डोक्यावर माशांची पाटी घेऊन चालल्यामुळे मावशीची मान हलत नाही. खाली फक्त पाय चालतात, वरची बाई जागच्या जागी. भाग १ मध्ये लोक घाबरले ते त्या चालीला. माझ्या लायटिंगला कोणी घाबरलं नव्हतं. (हे इथेच लिहितोय.)

९ नोव्हेंबर
मावशीला हो म्हणून टाकलं. तिच्यासमोर विनोदी शूट करायचं, नंतर कॉम्प्युटरवर कापून, अंधार घालून, खाली आवाज टाकून पुन्हा भयपट. तिला काय कळतंय.

जयेशला सांगितलं. जयेश म्हणजे आपला हीरो, रानशेतचा, टेम्पो चालवतो. तो म्हणाला, “मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं चाललंय तुझं.”

आयुष्यभर लोकांच्या लग्नात हसरे चेहरे शूट केले. एक तरी गोष्ट अशी करायचीय की बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं पाहिजे.

१५ नोव्हेंबर
शूट, दिवस पहिला. चिकूवाडी तीच, वाडीवाले काकाही तेच. भाग १ पासून त्यांचे गडी चार वाजले की घरी पळतात, म्हणून काका आधीच माझ्यावर तापलेले. एक चिकू जरी चिरडला तर कॅमेरा ठेवून घेईन म्हणाले.

मावशी बाजार आटोपून थेट आली. पांढरी साडी, मोकळे केस, तोंडाला पावडर. झाडांमधून चालत आली. काय चाल! माझ्याच अंगावर काटा. आणि तिच्यामागे मांजर. त्याच्यामागे आणखी एक. मग वाडीतली होती नव्हती ती सगळी, शेपट्या वर करून, रांगेत.

जयेशने किंकाळी फोडायची होती. तो खाली बसून हसत होता.

भाग १ ला हे का झालं नाही, ते घरी येताना कळलं. तो पावसात केला होता. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, मावशीच्या पाटीत मासळी नव्हती. तेव्हाची हडळ बिनवासाची होती. सीझन चालू असताना हडळ घेऊ नये हे कोणी सांगितलं नाही!

१६ नोव्हेंबर
शिकेकाई, लिंबू, उटणं सगळं झालं. मांजरं आलीच.
मावशी : “जन्माचा वास हाय तो. साबणाने जातोय होय?”

जयेश मागे सरकता सरकता काकांच्या चिकूच्या करंडीत बसला. काका फ्रेममध्ये घुसले, “अरे माझे चिकू!” आणि पुढ्यात हडळ दिसल्यावर तेच पळाले. घेतलंय सगळं.

२२ नोव्हेंबर
दिवसभर एडिटिंग. मांजरं काढली तर सिनेमा उरत नाही. अंधार केला तर त्यांचे डोळे चमकतात. एका शॉटमध्ये वाटलं जमलं, तर मावशीच्या खांद्यामागून शेपूट.

डोकं धरून बसलो. मग तोच शॉट परत लावला आणि मला हसू फुटलं. आवरेना. करायला गेलो गणपती, झाला मारुती. राग आला, रडूही आलं थोडं.

मावशीला फोन. हडळीला कोणाला तरी घाबरवायचंय पण मांजरं घाबरवू देत नाहीत, असं करू या म्हटलं.
“मग मी काय सांगत व्हते?”

३० नोव्हेंबर
काल झाईला लग्नाची ऑर्डर. मुलीचे मामा गुजरातकडचे, त्यांनी ओळखलं. “भूतवाळा भाई! बीजो भाग क्यारे?” दुसरा भाग कधी म्हणे. छाती फुगली. मग मांजरं आठवली.

आज शेवटचा सीन. हडळ वळून मांजरांना झापते. डायलॉग लिहून दिला होता, मावशीने वाचलाच नाही. बाजारात गिऱ्हाईक मासा उलटसुलट करून न घेता निघालं की जे बोलते, तेच मांजरांना ऐकवलं. एकाच टेकमध्ये ओके.

७ डिसेंबर
तलासरी. सुप्रीच्या अंगणात चादर बांधून दाखवला. आजूबाजूचे सगळे आले. ओवी बापाच्या खांद्यात तोंड खुपसून. मावशी फाटकाबाहेर बसली. “ती हसली तर हाक मार.”

हडळ आली. ओवीने जी किंकाळी फोडली, तशी भाग १ ला मला हवी होती, आणि आज नको होती. मग पहिलं मांजर आलं. किंकाळी थांबली. दुसरं आलं. “मांऊ!” मग सगळं अंगण हसायला लागलं आणि त्यात तिचा आवाज वेगळा ऐकू येत होता. मी घाबरवायला निघालेला माणूस, फाटकाकडे धावलो.

मावशीला हाक मारली. जरीची साडी, केसात अबोली. तिने हात पुढे केले.
ओवी बघत राहिली. म्हणाली, “ही नको. मांजरवाली पाहिजे.”
मावशीने हात मागे घेतले.

१४ डिसेंबर
सकाळी मावशी स्टुडिओत. “ती पांढरी साडी दे.” पिशवीत घालून एसटीने तलासरी.

दुपारी सुप्रीचा फोन, हसतेय की रडतेय कळेना. “दादा, हडळ माझ्या पोरीला भात भरवतेय.” केस मोकळे, तोंडाला पावडर, सगळं साग्रसंगीत. शेजारीण विरजण मागायला आली होती, ती वाटी टाकून पळाली. ओवीने पूर्ण ताटली संपवली.

२१ डिसेंबर
मावशीने पावडर सोडली. ओवीने काही म्हटलं नाही. केस तिनेच बांधून दिले म्हणे, रिबिनीने. हाक मारते ‘हडळआजी’.
मावशी दोनदा सांगत होती, “आजी म्हणली रे. हडळीच्या मागे का व्हईना, आजी म्हणली.”

४ जानेवारी, रविवार
जयेश भाग ३ चं विचारतोय. पावसात करू, मासेमारी बंद असताना, म्हणजे खराखुरा घाबरवणारा. मी अजून हो म्हटलेलं नाही.

सकाळी मावशी आली. पांढरी साडी धुऊन, घडी करून काउंटरवर ठेवली.
“आज अशीच जाते.”
मी म्हटलं, पिशवीत असू दे ना. लागली तर.
“नको. हातात असली की नेसाविशी वाटते.”
रोजची हिरवी साडी, केसांचा अंबाडा. स्टुडिओसमोरच्या थांब्यावर एसटीत चढताना एकदा मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही, साडीकडे.

दुपार उलटली. सुप्रीचा फोन नाही. दोनदा मोबाईल हातात घेतला, लावला नाही. साडी काउंटरवरच आहे. धुतली तरी वास येतोय. शेजारच्या दुकानातलं मांजर येऊन तिच्यावर झोपलंय. त्याला उठवलं नाही.