हामासाकीचे चाळीस सेकंद

अखिल-सागरतट-लोहमार्ग-नियोजन-धुरंधर, वेळापत्रक-सार्वभौम, शून्यप्रवासी-गणिताचार्य, आणि बालपणी माझ्या पाठीवर बसून शाळेत गेलेले श्रीमान ओइकावा नोबुयुकी यांच्या चरणकमलांशी त्यांच्या ज्येष्ठ बंधूचा, अर्थात एका डब्याच्या गाडीच्या चालकाचा, साष्टांग दंडवत.

प्रिय नोबू,

मंगळवारी सकाळी मी हामासाकीला गाडी थांबवली, हे तुझ्या कानी आलेच आहे. प्रत्येक खुणेकडे बोट दाखवून तिचे नाव मोठ्याने उच्चारावे, हा आम्हा चालकांचा कुलाचार. त्या वळणावर कित्येक वर्षे मी 'हामासाकी, थांबा!' अशी गर्जना करत आलो. तुम्ही दोन आठवड्यांपूर्वी थांबा रद्द केलात. माझ्या जिव्हेला ते परिपत्रक पोहोचले नव्हते. गर्जना झाली, आणि हाताने आज्ञाधारकपणे ब्रेक लावला.

डब्यात आई होती, रबरी बूट घालून, सोबत चार बायका. आई उठली. म्हणाली, "थांबलास! मला वाटलं, कागदावर आम्हीपण वाहून गेलो." मागून चियोकाकू ओरडल्या, "उतरा गं पटकन, नाहीतर साहेबांना कळेल इथे माणसं आहेत!" पाचही जणी हसत उतरल्या. चाळीस सेकंद. एरवी त्यांना पुढच्या स्थानकावर उतरून, अवजड ट्रकांच्या रस्त्याने तासभर उलट चालत यावे लागते. आपली आई एक्याऐंशी वर्षांची आहे, हे नियोजन विभागाच्या माहितीसाठी.

त्सुनामीच्या लाटेने तिथली घरे नेली. मग शासनाने तेथे घर बांधण्यास मनाई केली, चौदा मीटर उंच भिंत उभारली, नवा फलाट बांधला, फीतही कापली. त्यानंतर तुमचे सर्वेक्षण अवतरले. त्याने घरे मोजली, शून्य भरली! अरे महापंडिता, जेथे घर बांधणे निषिद्ध, तेथे घरे मोजण्याचे गणित कोणत्या गुरुकुलात शिकवतात? आई टेकडीवरच्या वसाहतीत झोपते, हे सत्य. परंतु वाकामे समुद्रात उगवते, टेकडीवर नव्हे. ते शेवाळ उकडायला, खारवायला तिला किनाऱ्यावरच जावे लागते.

बाबांना शोधत आपण दोघे याच किनाऱ्यावर सहा आठवडे चिखल उपसत होतो. बाबा सापडले नाहीत. तेव्हा तू म्हणाला होतास, "दादा, गाडी परत इथे थांबेपर्यंत मी कुठे जात नाही." गेलास. त्याचा राग मी कधी धरला नाही. आता धरला आहे.

काल तुझ्या शिक्क्याचे पत्र आले: चालकाने क्षमापत्र सादर करावे, त्यात प्रमादाचे कारण व पुनरावृत्ती टाळण्याचा उपाय नमूद करावा. हेच ते क्षमापत्र. कारण: तेथे माणसे उतरतात. उपाय: थांबा वेळापत्रकात परत लिहावा. तोवर प्रमाद होणार नाही. सोमवारपासून मी जाणूनबुजून थांबेन. मग मला बडतर्फ कर. मात्र तो आदेश टपालाने पाठवू नकोस. स्वतः ये, आणि आईसमोर बसून मोठ्याने वाच.

तुझाच, क्रोधाने थरथरणारा तरीही वेळेवर धावणारा,
सोइचिरो

ता. क. चालककक्षातील हीटर केवळ डावा पाय भाजतो, उजवा गोठतो. तीन अर्ज केले. तिन्हींवर 'विचाराधीन'.